फुटीचे (ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे) रिक्रूटर पोरात नक्की काय बघतात? मुलगा १६ चा आहे, ड्राफ्ट (क्लबांची खेळाडू निवड) दोन वर्षांवर

वेरिबीकर_सांगली

नमस्कार मंडळी. मूळ सांगलीचा, गेली १५ वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत. मुलगा सहा वर्षांचा असताना ऑस्किकला (लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला) घातला, शेजारची सगळी पोरं जायची म्हणून, आणि तेव्हापासून घरात फुटी सोडून दुसरा विषय नाही. आता १६ खालच्या लोकल टीममध्ये रक (बॉल वर उडवला की उडी मारून आपल्या पोरांकडे ढकलणारा) खेळतो, उंची १८८ सेंमी, टीममध्ये सगळ्यात उंच तोच, सेंटर बाऊन्सला उडी मारून टॅप करतो, मार्कही (किक केलेला बॉल हवेतच झेलणं) चांगले घेतो.

गेल्या रविवारी मॅचला दोन माणसं वही घेऊन उभी होती, कुणीतरी म्हणालं की टॅलेंट लीगच्या (१८ खालच्या निवडक पोरांच्या स्पर्धेच्या) क्लबकडून आलेत. झालं, सगळ्या पालकांच्या पोटात गोळा. नेमका त्या दिवशी माझ्या पोराला बॉलच फारसा मिळाला नाही, घरी येऊन खोलीत जाऊन रडला, जेवला पण नाही. मला त्याला काय सांगावं तेच कळेना कारण खरं सांगतो, इतकी वर्षं मॅच बघतोय पण मला अजून बघता येत नाही. मी कबड्डीवाला माणूस, जिल्ह्यापर्यंत खेळलोय, कबड्डीचा एखादा पोरगा दोन चढायांत ओळखीन. इथे मी बॉलच्या मागे डोळे फिरवत राहतो, मॅच संपते आणि हाती काही लागत नाही.

तर विचारायचं हे की ही माणसं नक्की काय लिहितात वहीत? किती वेळा बॉल मिळाला ते मोजतात का? दुसरं, एकाने आम्हाला व्हिडिओ आणि 'प्रोफाइल' बनवून देतो म्हणून बरेच डॉलर सांगितलेत, ते करावं का? आणि बायकोचा प्रश्न, जो माझ्यापेक्षा जास्त बरोबर असतो नेहमी: बारावीचं काय?

बाऊंड्रीकाका

वेरिबीकर, आधी पोराला जेवू घाला. एका मॅचवर कुणी कुणाला वहीतून खोडत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

मी गेली १२ वर्षं १८ खालच्या मॅचेसना पाण्याच्या बाटल्या घेऊन बाऊंड्रीवर धावतो, स्वयंसेवक म्हणून, त्यामुळे या लोकांच्या शेजारी उभं राहून गप्पा मारायची सवय आहे. पहिली गोष्ट, बॉल किती वेळा मिळाला हे त्यांना मोजायची गरजच नसते, वरच्या लेव्हलला ते आकडे तयार मिळतात. ते बघतात बॉल नसताना. तुम्ही कबड्डीवाले म्हणून सांगतो, चढाईपटू डाव्या बाजूला खेळत असताना तुम्ही उजव्या कोपऱ्यातल्या पोराचे पाय बघता की नाही? तो झोपलाय का, वजन पंजावर आहे का, साखळीतला जोडीदार सरकला की हाही सरकतो का? तेच इथे. फक्त मैदान एवढं अवाढव्य आहे (एमसीजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६० मीटर) की बॉल नसतानाचा वेळ कबड्डीपेक्षा कितीतरी जास्त. चार क्वार्टर खेळून चांगल्यातल्या चांगल्या मिडफिल्डरच्या हातात बॉल सगळा मिळून दोन-तीन मिनिटं पण नसतो, बाकीचा सगळा वेळ तो काय करतो? बॉल समोरच्या टीमकडे गेला की वळून धावतो का, की कमरेवर हात ठेवून बघत बसतो? आपल्या माणसासाठी ब्लॉक धरतो का? चूक झाली की पुढच्या दहा सेकंदात काय करतो?

यातलं शेवटचं फार बघतात. मी एकदा बघितलंय, एका पोराने गोलच्या तोंडाशी सरळ किक समोरच्याच्या छातीवर दिली, आणि मग उलटा ६० मीटर धावत जाऊन त्याच माणसाला टॅकल केलं. शेजारचा रिक्रूटर काही बोलला नाही, फक्त वहीत लिहिलं. तो पोरगा त्या दिवशी दहा वेळा पण बॉलला शिवला नसेल.

आता दुसरी गोष्ट, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. १८८ सेंमीला रक म्हणून कुणी ड्राफ्ट करत नाही हो. वरती रक म्हणजे २०० च्या पुढे, मॅक्स गॉन २०८-२०९ आहे. १६ व्या वर्षी पोरगा अजून वाढेल न वाढेल, पण रिक्रूटर तो आत्ता कुठे चांगला खेळतो हे बघत नाही, २२ व्या वर्षी मोठ्या टीममध्ये कुठे खेळेल हे बघतो. १८८ म्हणजे विंग (मैदानाच्या कडेचा), हाफ बॅक (बचावातला), किंवा मोठा मिडफिल्डर. बॉन्टेम्पेली १९० च्या वर आहे, क्रिप्स १९५ च्या आसपास, उंच मिडफिल्डर आज सगळ्यांना हवेत, पण त्यासाठी त्याला जमिनीवरचा बॉल उचलता आला पाहिजे, गर्दीत हँडबॉल (मुठीने मारून पास) दोन्ही हातांनी, आणि किक दोन्ही पायांनी. रकमध्ये उंचीच्या जोरावर टॅप करत राहिला तर हे शिकायला मिळणारच नाही. कोचला गोड शब्दांत विचारा की निम्मी मॅच विंगवर खेळवाल का. टीमचा तोटा होईल थोडा, पोराचा फायदा.

व्हिडिओवाल्याला एक डॉलर देऊ नका. तुमचा भाग वेस्टर्न जेट्सचा (टॅलेंट लीगमधला क्लब), ते लोक स्वतः लोकल लीगमधून पोरं बोलावतात, १६ खालचा वेगळा प्रोग्रॅम असतो, चाचण्या असतात. त्याच जेट्समधून कॅम रेनर २०१७ ला पिक १ (ड्राफ्टमधली पहिली निवड) गेला ब्रिस्बेनकडे. त्यांना पोरं शोधायचाच पगार आहे, तुमच्या व्हिडिओतल्या दहा मार्कवरून ते काही ठरवत नाहीत कारण व्हिडिओत बॉल नसतानाचं काहीच नसतं.

ड्राफ्टवेडा_पुणे

काकांच्या बऱ्याच गोष्टी पटल्या. मी मेलबर्नला शिकायला होतो तेव्हा वेड लागलं, आता पुण्यात, शनिवारी सकाळी साडेनऊला दुपारची मॅच लागते इथे, नोव्हेंबरमध्ये ड्राफ्टच्या दिवशी दुपारी सुट्टी काढतो.

पण आकडे अगदीच बाजूला टाकू नका असं माझं म्हणणं आहे. ऑक्टोबरमध्ये कंबाइन (ड्राफ्टआधीच्या चाचण्या) होतं तिथे २० मीटर स्प्रिंट, २ किमी धाव, उभ्याने उडी, धावत उडी, चपळाईची चाचणी असं सगळं मोजतात. २० मीटरला ३ सेकंदांच्या आत आला तर वेगवान समजतात, २ किमी साडेसहा मिनिटांच्या आत म्हणजे चांगलं, सहाच्या आसपास आला की सगळे माना वळवतात. मॅचमध्ये डोळ्यांना फसवणाऱ्या गोष्टी असतात, विशेषतः या वयात. ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हायला लागतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, जवळजवळ वर्षाचा फरक. १६ व्या वर्षी तो फरक खांद्यात आणि मांड्यांत दिसतो. मोठा दिसणारा पोरगा लहानांना ढकलून ३० वेळा बॉल घेतो आणि सगळे म्हणतात काय पोरगा आहे, दोन वर्षांनी सगळे त्याच्याएवढे होतात मग काय? वेरिबीकर, तुमच्या मुलाचा महिना कुठला?

आणि रिक्रूटर चुकतात, आयुष्यभर हेच काम करणारे चुकतात, हे पोराला जरूर सांगा. डेन स्वान २००१ ला पिक ५८, लॅची नील २०११ ला पिक ५८. एकच नंबर, दहा वर्षांच्या अंतराने, आणि दोघांनी ब्राऊनलो मेडल (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं) घेतलं, स्वानने २०११ ला, नीलने तर दोनदा, २०२० आणि २०२३. जेम्स हर्ड १९९० ला पिक ७९ होता! सॅम मिचेल पिक ३६. मॅट प्रिडिस तर नॅशनल ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नाही, रूकी ड्राफ्टमधून (नॅशनलनंतर होणाऱ्या) आला आणि २०१४ ला ब्राऊनलो.

उलट बाजू पण आहे. २०१३ चा ड्राफ्ट बघा, पिक १ टॉम बॉइड, बॉन्टेम्पेली पिक ४, क्रिप्स पिक १३. आज उलटं वळून बघितलं तर कुणीही तो क्रम असा लावणार नाही. पण बॉइडला वाईट म्हणणं पण मला सहन होत नाही, २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल मारले आणि त्याच्या क्लबला, बुलडॉग्सना, १९५४ नंतर पहिल्यांदा प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद) मिळाली. नंतर २०१९ ला खेळच सोडला, २३ व्या वर्षी, मन थकलं म्हणून. १८ वर्षांच्या पोराच्या गळ्यात 'नंबर एक' ही पाटी अडकवतो आपण, तिचं वजन कुठल्या कंबाइनमध्ये मोजणार?

अजून एक, तुम्हाला थेट लागू होणारं. क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकॅडमी असतात, २०१६ पासून. आई किंवा वडील आशियात जन्मलेले असतील तर मुलगा त्यात बसू शकतो, म्हणजे आपल्या बहुतेक सगळ्यांची पोरं. ज्या क्लबच्या भागात राहता त्यांची अकॅडमी. पोरगा त्यात असेल आणि ड्राफ्टच्या दिवशी दुसऱ्या क्लबने त्याचं नाव पुकारलं, तर आपला क्लब पॉइंट (ड्राफ्टमधल्या आपल्या निवडींची किंमत) देऊन तीच बोली मॅच करून त्याला घेऊ शकतो. जमारा उगल-हेगन २०२० ला असाच पिक १ वर बुलडॉग्सकडे गेला. त्यानंतर नियम आवळले, मग परत सैल केले, हे जवळपास दरवर्षी बदलतात त्यामुळे क्लबलाच विचारा. फादर-सनचं तत्त्व तसंच, बापाने क्लबसाठी १०० मॅच खेळलेल्या हव्यात, निक डेकॉस २०२१ ला गोल्ड कोस्टने पुकारला आणि कॉलिंगवुडने मॅच करून पिक ४ वर घेतला.

बाऊंड्रीकाका

अकॅडमीचं मी विसरलोच होतो, बरं झालं सांगितलंत.

आकड्यांवर माझा राग नाही, पण २० मीटर सरळ रेषेत कुणी तुम्हाला धरायला येत नसताना धावणं आणि ओल्या जुलैत तीन जण अंगावर असताना पहिली दोन पावलं टाकणं यात फरक आहे. मी असे पोरगे बघितलेत जे घड्याळात हळू आहेत पण बॉल कुठे पडणार हे आधी कळतं म्हणून सगळ्यांच्या आधी पोचतात. लॅची नील काय सगळ्यात वेगवान आहे का? त्याला स्टॉपेजला (खेळ थांबून बॉल परत उडवतात तेव्हा) बघा, तो डोकं कधी वर काढतो ते बघा.

ड्राफ्टवेडा_पुणे

काका नील मान्य. पण नील पिक ५८ ला गेला तो लहान आणि फार वेगवान नाही म्हणूनच ना. म्हणजे क्लब ते बघतात हे तर खरं. पोराला 'घड्याळ महत्त्वाचं नाही' असं सांगून पाठवलं तर त्याचं नुकसान होईल.

बाऊंड्रीकाका

हे बरोबर बोललात. मागे घेतो, घड्याळ महत्त्वाचं आहे. वेरिबीकर, आठवड्यातून दोनदा धावायला लावा.

फिजिओताई_जिलाँग

थोडं कडक लिहिते, राग मानू नका. मी रोज अशी पोरं बघते.

१६ व्या वर्षी १८८ आणि अजून वाढतोय म्हणजे हाडं स्नायूंच्या पुढे पळतायत. गुडघ्याखाली दुखणं, टाचेत दुखणं, कंबर दुखणं, हे 'वाढीचं असेल' म्हणून सोडू नका, विशेषतः कंबर. शाळेची टीम, लोकल क्लब आणि त्यात टॅलेंट लीगचं ट्रेनिंग असं तिन्हीकडे पोरगा धावतो आणि तिन्ही कोचना वाटतं की तो फक्त आपल्याकडेच धावतो. आठवड्यात एकूण किती होतंय हे मोजणारा माणूस एकच, आई किंवा बाप.

दुसरं डोकं. डोक्याला मार लागला आणि बाऊंड्रीवर वहीवाले उभे असतील तर पोरगा काही झालं नाही म्हणणारच, हे गृहीत धरा. कम्युनिटी फुटीत २०२४ पासून कन्कशननंतर कमीत कमी २१ दिवस मॅच नाही असा नियम आहे, त्यात घासाघीस करू नका. २०१४ च्या ड्राफ्टमधला पिक १ पॅडी मॅकार्टिन आणि पिक ३ अँगस ब्रेशॉ, दोघांनाही कन्कशनमुळे खेळ सोडावा लागला. ब्रेशॉ तर २८ वर्षांचा होता आणि प्रीमियरशिप जिंकलेला खेळाडू. पहिल्या तीनातले दोन. मला ही दोन नावं प्रत्येक पालकाला सांगावीशी वाटतात.

बारावीचं वहिनींना सांगा की काळजी रास्त आहे, कॅलेंडरच तसं आहे, कंबाइन ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटापासून, ड्राफ्ट नोव्हेंबरमध्ये. म्हणून अकरावीतच एक-दोन विषय उरकता येतात का ते शाळेला आत्ता विचारा, तिथे पुष्कळ मुलं तसं करतात. आणि क्लब घरी येऊन बोलतात तेव्हा अभ्यासाचंही विचारतात. एखादी गोष्ट कंटाळा आला तरी पूर्ण करतो का हे त्यांनाही हवं असतं.

स्वान_नदीकाठ

पर्थहून. माझा मुलगा डब्ल्यूएएफएल (इथली राज्य लीग) कोल्ट्स, म्हणजे तिच्या ज्युनियर गटात खेळला, राज्याच्या १८ खालच्या निवडीच्या कॅम्पपर्यंत गेला. दोन क्लब बोलून गेले. ड्राफ्टच्या दोन रात्री आम्ही सगळे सोफ्यावर बसलो होतो, त्याची आजी नाशिकहून व्हिडिओवर, आणि नाव आलं नाही. नॅशनल ड्राफ्टमध्ये साधारण साठ-सत्तर नावं निघतात सगळ्या देशातून, १८ क्लब मिळून. आपलं पोर त्यात नसणं हेच जास्त शक्य आहे, पण हे मला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

एक मात्र आम्ही आधी बोललो होतो आणि ते बरं केलं. क्लब तुम्ही निवडत नाही, क्लब तुम्हाला निवडतो. पर्थच्या पोराला ब्रिस्बेनला जावं लागू शकतं, मेलबर्नच्या पोराला पर्थला, चार तासांचं विमान. १८ व्या वर्षी. रिक्रूटरने आमच्या घरी चहा पिताना सगळ्यात जास्त प्रश्न यावरच विचारले, घरापासून लांब कधी राहिलाय का, स्वयंपाक येतो का, बहिणीशी कसं आहे. जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ चा पिक १, एकच सीझन नॉर्थ मेलबर्नकडे खेळला आणि ॲडलेडला घरी परत, पोर्ट ॲडलेडकडे. क्लबांना त्याची धास्ती असते. तर पोराला भात लावायला शिकवा, कपडे धुवायला शिकवा.

माझा आता डब्ल्यूएएफएलमध्ये मोठ्यांच्या टीममध्ये खेळतो, २१ चा आहे, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. सीझनच्या मधे पण एक ड्राफ्ट असतो मे-जूनमध्ये, अजून बघतो तो. मार्लियन पिकेटला रिचमंडने २०१९ ला त्यातूनच घेतलं, २७ वर्षांचा होता, आणि पहिलीच मॅच ग्रँड फायनल. तो आमच्या इथला, साऊथ फ्रीमँटलचा. त्या दिवशी आमच्या घरात पोरापेक्षा मीच जास्त रडले होते.

वेरिबीकर_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला, ताईंचं आणि पर्थच्या माईंचं दोनदा. व्हिडिओवाल्याला नाही म्हणून कळवलं. शाळेत सोमवारी बोलणार आहोत. पोराचा जन्म मार्चचा, म्हणजे गटात मोठ्यांतलाच, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

आणि काल काकांनी सांगितलं तसं केलं. बॉल बघायचाच नाही असं ठरवून गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो, फक्त पोराकडे बघत, हातात वही. पहिली दहा मिनिटं फार अवघड गेली, मान आपोआप बॉलकडे वळते. मग दिसायला लागलं. कोचने दुसऱ्या क्वार्टरपासून विंगवर टाकला होता. बॉल समोरच्यांकडे गेला आणि हा वळून धावला नाही, उभा राहिला किंवा चालत आला, असं ११ वेळा झालं, प्रत्येक वेळी खूण केली. मी कबड्डीत असा कोपरा बघितला असता तर तिथेच ओरडलो असतो. पण चांगलं पण दिसलं, दोनदा त्याने जोडीदारासाठी मागून येणाऱ्याला अडवून धरलं, बॉल त्याच्याकडे आलाच नाही, पण गोल झाला. हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. गाडीत त्याला तेच आधी सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला बाबा तुम्हाला ते दिसलं?

मग ११ चं सांगितलं. म्हणाला माहितीये, कोच पण सांगतात. आता हे आळसाचं आहे का, स्वभावाचं आहे, कसं घ्यायचं? त्याला बोलू की सोडू?

बाऊंड्रीकाका

वाचून फार बरं वाटलं. एक सांगा, त्या ११ खुणा कुठल्या क्वार्टरमधल्या आहेत ते लिहिलंय का?

वेरिबीकर_सांगली

हो, क्वार्टरप्रमाणे पान बदललं होतं. दुसऱ्यात १, तिसऱ्यात ३, चौथ्यात ७.

बाऊंड्रीकाका

मग स्वभावाला हात लावू नका, पोरगा दमतोय. रकमधला खेळ वेगळा, विंगला त्याहून जास्त धावावं लागतं आणि तो काल पहिल्यांदाच तिथे होता. मंगळवार आणि गुरुवार २ किमी, वेळ लिहून ठेवा, पुण्याच्या मित्राला कळवत जा. आणि ताई म्हणतात तसं आधी बाकीचं ट्रेनिंग किती होतंय ते मोजा, त्यातलं काहीतरी कमी करून मग हे घाला. चार आठवड्यांनी परत गोलमागे उभे राहा आणि चौथ्या क्वार्टरच्या पानावर किती खुणा होतात ते इथे लिहा.